नवी यंत्रे आणि आपले संसार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, आंदर मावळात, केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आज आम्हांस येथे बोलावून चार शब्द सांगण्याचा मान दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. आमचा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा. त्यालाच आपण सारे सॉफ्टवेअरचे काम म्हणतो. जन्म याच खोऱ्यातला, नोकरी हिंजवडीस. व्यासपीठावरून बोलण्याची आम्हांस सवय नाही. तेव्हा भाषेत डौल दिसला नाही तर श्रोत्यांनी तो आमचा स्वभाव समजावा.

चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो असा की, मोबाईल आणि संगणक यांच्या योगाने आपल्या घरगुती जीवनात जो पालट झाला आहे, त्याविषयी या धंद्यातील माणसाचे मत काय आहे ते सांगावे. त्याला जोडूनच एक प्रश्न त्यांनी आमच्यापुढे ठेवला आहे. आजवर स्मरणिकेच्या पानांवर छापून येणारी आपली कुटुंबसूची यापुढे संकेतस्थळावर सर्वांस खुली करावी, अशी सूचना काही उत्साही तरुणांनी केली आहे. या सूचनेवर आज सायंकाळच्या सभेत निर्णय व्हावयाचा आहे. तो प्रश्न आम्ही शेवटी घेऊ; कारण आधीच्या गोष्टी ध्यानात आल्या म्हणजे त्याचे उत्तर शोधणे सोपे जाईल.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, यंत्र ही गोष्ट आपल्या मावळास नवी नाही. खंडाळ्याहून पुण्यास आगगाडी धावू लागली ती १८५८ साली. आपल्या आंद्रा नदीचे पाणी ठोकळवाडीस अडवून, ते सह्याद्रीच्या कड्याखाली भिवपुरीस सोडून, त्यावर वीज निर्माण करण्याचे काम १९२२ साली सुरू झाले. ज्या कंपनीने ते केले तिच्या 'आंध्रा व्हॅली' या नावामुळे पुष्कळांस ती आंध्र प्रांतातील वाटते. वस्तुतः ते नाव आपल्याच नदीचे आहे. त्या विजेने मुंबईच्या गिरण्या आणि रस्ते उजळले. आमच्या आज्याच्या घरात मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे कंदीलच होता. शेजारच्या मुळशी पेट्यात अशाच धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला व सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, हे आपणांस ठाऊकच आहे. यावरून आपल्या वाडवडिलांनी जी गोष्ट अनुभवाने जाणली ती अशी: यंत्र आले म्हणजे ते कोणाच्या सोयीसाठी आले आणि त्याची किंमत कोण देत आहे, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत.

याच्या जोडीला दुसरेही एक उदाहरण आपल्या तालुक्यातलेच आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी हा वाण १९८७ साली प्रसारित केला. त्याची आई-बापे कोण? एक आपला आंबेमोहोर आणि दुसरा फिलिपाईन्स बेटांतील संस्थेने १९६६ साली दिलेला आय.आर. ८. परक्याचे उत्पन्न घेतले आणि आपला वास सोडला नाही, म्हणूनच तो तांदूळ आज घरोघर शिजतो. नव्या यंत्राविषयी आमचे मत विचाराल तर ते हेच आहे. त्याला हाकलून देऊ नये आणि त्याच्या स्वाधीनही होऊ नये. आपले जे राखण्याजोगे आहे ते राखून त्याचा उपयोग करावा. मात्र यासाठी ते यंत्र कसे चालते, हे थोडेफार समजले पाहिजे.

मोबाईलवरील पुष्कळशा सोयी आपणांस फुकट मिळतात. आम्ही या धंद्यात असल्यामुळे सांगतो की, ज्या कचेरीत शेकडो माणसे पगारावर राबतात, तेथून कोणतीही वस्तू फुकट बाहेर पडत नाही. तेथे विकली जाते ती आपली नजर. माणूस पडद्यासमोर किती वेळ थांबला, याची मोजदाद क्षणाक्षणाला होत असते, आणि तो अधिक वेळ थांबावा अशीच रचना केलेली असते. पूर्वी वर्तमानपत्राचे शेवटचे पान आले की वाचणारा ते घडी घालून ठेवी. मोबाईलवर शेवटचे पानच नसते. बोट सरकवावे तसा नवा मजकूर येतच राहतो. ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६ साली काढली आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. करणाऱ्यासच ज्याचा खेद वाटला, ती गोष्ट आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण विचार न करता देतो, हे मनास पटण्यासारखे आहे काय?

यावर उपाय म्हणून मुलांवर ओरडणे व्यर्थ आहे. मूल बापाकडे पाहून शिकते. जेवणाच्या पानावर वडिलांचाच मोबाईल वाजत असेल तर मुलास सांगण्याचा अधिकार त्यांना कोठून येणार? आमच्या मते प्रत्येक घरात एक फळी अथवा कोनाडा असा ठरवावा की, दिवेलागणीनंतर जेवण उरकेपर्यंत घरातील सर्व मोबाईल, वडील माणसांचे सुद्धा, तेथेच राहतील. पडद्यावरची लाल टिंबे आणि सूचनांचे आवाज बंद करण्याची सोय प्रत्येक यंत्रात असते, ती वापरावी. मात्र आम्ही हेही सांगतो की, २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा याच यंत्रावर मुलांचा अभ्यास चालला, आणि आजही दुर्गम वाडीवरील हुशार मुलीस उत्तम शिक्षकाचे व्याख्यान त्यावर ऐकता येते. यंत्र तेच; कशासाठी हाती घेतले यावर सारे अवलंबून आहे.

आता पैशाकडे वळू. २०१६ साली युपीआय सुरू झाले आणि आज कान्हे फाट्यावरच्या वडापावच्या गाडीपासून खताच्या दुकानापर्यंत काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद चिकटवलेला दिसतो. त्यात जादू काही नाही. तो केवळ पत्ता आहे, आणि यंत्रास चटकन वाचता यावा म्हणून ठिपक्यांत लिहिला आहे. ही ठिपक्यांची रीत १९९४ साली जपानात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाली. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत काम करणारे आपले बंधू ती रोज पाहतात. हा कागद पत्ता आहे एवढे समजले की पुढचा नियम समजतो. पत्ता कोणासही द्यावा. किल्ली कोणासही देऊ नये. चार किंवा सहा आकड्यांचा गुप्त क्रमांक ही किल्ली होय, आणि ती पैसे बाहेर जाण्यासाठी लागते. पैसे आत येण्यासाठी ती कधीही लागत नाही. 'तुमचे पैसे जमा करतो, क्रमांक दाबा' असे जो सांगेल तो चोर समजावा. हे एक वाक्य आपल्या घरातील आजीपासून सर्वांनी पाठ करावे, अशी आमची विनंती आहे.

याहूनही वाईट प्रकार गेल्या काही वर्षांत बोकाळला आहे. आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांस दूरध्वनी आला. 'तुमच्या आधार क्रमांकावर मादक द्रव्यांचे पार्सल सापडले आहे, तुम्हांस डिजिटल अटक करण्यात आली आहे, मोबाईलसमोरून हलू नका, घरात कोणास सांगू नका.' पडद्यावर पोलिसाचा गणवेश दिसत होता. जन्मभर ज्यांनी कोणाचा पैसा बुडविला नाही, ते गृहस्थ तीन तास खोलीचे दार लावून थरथरत बसले. बँकेतील ठेव मोडण्याची तयारी झाली होती. सुदैवाने सूनबाई लावणी आटोपून घरी आल्या. त्यांनी दार ठोठावून उघडावयास लावले, सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, 'मामंजी, पोलिसांना तुम्हांला धरायचे असते तर ते दारात आले नसते का?' त्यांनी फोन बंद केला आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली. त्या माऊलीचे शिक्षण फार नाही. परंतु तिने विचारलेला प्रश्न कोणत्याही संगणकतज्ज्ञाच्या सल्ल्याहून मोलाचा आहे.

बंधुभगिनींनो, डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट या देशाच्या कायद्यात नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून लोकांस याविषयी सावध केले होते. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितकी ती रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक असते. या चोरांचे खरे हत्यार भीती आणि एकांत हेच आहे. ज्या घरात सासरा सुनेस मोकळेपणाने अडचण सांगू शकतो, त्या घरात हे हत्यार चालत नाही. आता तर ओळखीच्या माणसाचा आवाजही यंत्राने हुबेहूब उठविता येतो. तेव्हा घरच्या माणसांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. रात्री-अपरात्री 'अपघात झाला, पैसे पाठवा' असा मुलाचा आवाज आला तर तो शब्द विचारावा.

पैशापेक्षाही मावळात मोठी वस्तू म्हणजे जमीन. पुणे-मुंबईच्या ओढीने आपल्या खोऱ्यातील जमिनीस जो भाव आला आहे, त्याबरोबर फसवणुकीची भीतीही आली आहे. या बाबतीत मात्र नव्या यंत्राने सामान्य माणसाचे हात बळकट केले आहेत, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. १ मे २०१८ पासून अंकीय सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला; त्यासाठी १५ रुपये शुल्क भरावे लागते. पूर्वी ज्या कागदासाठी दोन-दोन खेपा होत, तो आता पाच मिनिटांत हाती येतो. याहून महत्त्वाची सोय 'आपली चावडी' ही आहे. गावात कोणत्या गटावर कोणता फेरफार धरला आहे, याची नोटीस तेथे कोणासही पाहता येते, आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. नोकरीसाठी मुंबईस अगर परदेशी असलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांनी महिन्यातून दोनदा आपल्या गावाची चावडी पाहावी. वडिलार्जित गटावर परक्याचे नाव चढल्यावर कोर्टात दहा वर्षे घालविण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम बरे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आहे. शेतात उभे राहून छायाचित्र घ्यावयाचे हे काम ज्या घरी वृद्धच आहेत, त्यांच्यासाठी शेजारच्या तरुणाने करून द्यावे. यासारखी दुसरी समाजसेवा नाही.

तथापि एक इशारा दिला पाहिजे. आषाढात आपल्या खोऱ्यात वीज गेली म्हणजे केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि तिच्यामागून मोबाईलची रेंजही जाते. म्हणून खरेदीखत, वाटणीपत्र, सातबारा आणि विमा यांची कागदी प्रत पेटीत असावी. दहा जरुरीचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. आज कित्येकांस बायकोचा क्रमांकही पाठ नसतो. त्याचप्रमाणे कोणत्या बँकेत खाते आहे, कोणता मोबाईल क्रमांक त्यास जोडलेला आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, याची एक वही घरातील कर्त्या स्त्रीपुरुषांनी करावी आणि ती कोठे ठेवली हे एकमेकांस सांगावे. गुप्त क्रमांक मात्र तीत लिहू नयेत. घरधनी अकस्मात गेल्यावर ज्या विधवेस स्वतःच्याच संसाराचा पैसा कोठे आहे हे शोधण्यासाठी दारोदार हिंडावे लागते, तिचे हाल पाहवत नाहीत.

प्रतीचा विषय निघाला म्हणून आपल्या इंद्रायणीचीच गोष्ट सांगतो. तुकोबांच्या वह्या डोहात बुडविल्या आणि त्या तरल्या, अशी आपली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेबरोबर ही गोष्टही ध्यानात ठेवावी की, तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले होते आणि लोकांच्या मुखी तर ते होतेच. याच तालुक्यातील सुदुंबरे येथे संताजींची समाधी आहे. जे एकाच जागी असते ते जाते. जे अनेक जागी असते ते राहते. आम्ही कचेरीत लाखो रुपये खर्चून हाच नियम पाळतो. आपल्या घरोघरी मोडी लिपीतील जुने कागद, लग्नपत्रिका व पूर्वजांची छायाचित्रे वाळवीच्या तोंडी पडली आहेत. त्यांची चित्रे काढून एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावच्या भावाकडे आणि एक मंडळाकडे ठेवावी.

आणि ती मराठीतच टिपून ठेवावी. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने, जी १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. पुढे जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड हे एकच मापन आले. त्यात आपला 'ॲ' हा वर्णही २००८ साली दाखल झाला. असे असता आपल्या स्मरणिकेचे जुने मजकूर निरनिराळ्या खाजगी अक्षरवळणांत टंकलिखित केले असल्याने, ते आज दुसऱ्या संगणकावर उघडले तर निव्वळ खुणांची रांग दिसते. छापलेली प्रत कपाटात आहे म्हणून तो मजकूर वाचला. यापुढील प्रत्येक स्मरणिका युनिकोडातच तयार व्हावी, अशी आमची सूचना आहे.

आता मूळ प्रश्न. कुटुंबसूची संकेतस्थळावर सर्वांस खुली करावी काय? सूचना करणाऱ्या तरुणांचा हेतू निर्मळ आहे. दूरदेशीच्या ज्ञातिबांधवास नातेवाईक सापडावेत, विवाह जुळणे सुलभ व्हावे, छपाईचा खर्च वाचावा, हे सारे लाभ आम्हांस मान्य आहेत. परंतु या सूचीत काय काय असते ते पाहा. पूर्ण नाव, जन्मतारीख, मूळ गाव, आईचे माहेर, मुलांची नावे व वये, नोकरी, दूरध्वनी. आता बँकेत खातेदाराची ओळख पटविण्यासाठी काय विचारतात ते आठवा. जन्मतारीख कोणती, आईचे माहेरचे आडनाव काय. म्हणजे जी उत्तरे केवळ घरच्या माणसास ठाऊक असावीत, तीच आपली सूची एका ठिकाणी, ओळीने मांडून देते. छापील स्मरणिका चारशे घरांत जाते आणि तेथेच राहते. संकेतस्थळ उघडे ठेवले तर ते पाहणारा कोण, कोठला, हे कोणासही कळत नाही. आणि सर्व पाने क्षणार्धात उतरवून नेणारी यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. मघाशी सांगितलेल्या वृद्ध गृहस्थांस दूरध्वनी करणाऱ्याने त्यांना पूर्ण नावाने आणि गावाच्या नावाने हाक मारली होती. म्हणूनच त्यांना ते खरे वाटले.

आपल्या विवाहेच्छु मुलींचा विचार तर विशेष केला पाहिजे. त्यांचे छायाचित्र, वय, कचेरीचा पत्ता आणि वडिलांचा क्रमांक जगासमोर ठेवण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढील निकालात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात संमतीस मुख्य स्थान असून अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक धरली आहे. परंतु कायद्याचे राहो. लेकीबाळींचा मान राखणे ही रीत आपल्या ज्ञातीस कोणत्याही कायद्याने शिकविलेली नाही.

म्हणून आमचे नम्र मत पुढीलप्रमाणे आहे. पहिली गोष्ट, संकेतस्थळ अवश्य व्हावे; त्यावर मंडळाचा इतिहास, जुन्या स्मरणिकांतील लेख, शिष्यवृत्तीची माहिती आणि कार्यक्रम सर्वांस खुले असावेत. दुसरी गोष्ट, कुटुंबसूची छापील ठेवावी. तीतूनही पूर्ण जन्मतारीख गाळून केवळ जन्मवर्ष द्यावे, आणि जुन्या स्मरणिका संकेतस्थळावर चढविताना त्यांतील सूचीची पाने वगळावीत. तिसरी गोष्ट, ज्यास कोणाचा पत्ता हवा असेल त्याने चिटणीसांस कळवावे; चिटणीसांनी समोरच्या कुटुंबास विचारून मगच तो द्यावा. चौथी गोष्ट, वधूवरांची माहिती त्या मुलाने अगर मुलीने स्वतः सही करून दिली तरच घ्यावी आणि विवाह ठरताच काढून टाकावी. यात थोडा विलंब आहे हे खरे. परंतु आपल्या ज्ञातीत सोयरिकी जुळत आल्या त्या कोणीतरी मध्यस्थाने दोन्ही घरे पाहून, दोघांस विचारून. तो विलंब म्हणजेच विश्वास होता.

एक शंका काहीजण घेतील की, हा मनुष्य संगणकाच्याच जोरावर पोट भरतो आणि आम्हांस मागे ओढतो. तसे नाही. विहिरीवर काम करणारा गवंडीच कठडा बांधा म्हणून सांगतो, कारण तिची खोली त्याने पाहिलेली असते. आपल्या मुलांनी, आणि मुलींनी विशेषेकरून, या धंद्यात यावे, चांगल्या आज्ञावली लिहाव्यात, आपल्या खोऱ्यातील शेतकऱ्यास उपयोगी पडतील अशा लिहाव्यात, अशीच आमची इच्छा आहे. त्यासाठी मंडळाच्या शिष्यवृत्तीनिधीस आम्ही यथाशक्ती हातभार लावूच. सुट्टीच्या दिवशी आंदर मावळातील कोणत्याही गावी बोलवावे. चावडी कशी पाहावी, सूचनांचे आवाज कसे बंद करावेत, मराठी कसे टिपावे, हे वडीलधाऱ्या मंडळींस शेजारी बसून दाखविण्यास आम्ही येऊ.

सायंकाळच्या सभेत प्रत्येकाने आपापल्या घरातील वृद्ध आणि मुली यांचे मुख डोळ्यांसमोर आणून मत द्यावे, एवढीच प्रार्थना आहे.